सोमवारचं अक्षर

रीटा ग्रेशियसला फुटबॉलमधलं काही कळत नाही. गोराईत वाढलेल्या बाईनं हे कबूल करायचं म्हणजे लाजच, कारण तिथं मे महिन्यात गावागावांच्या टीम मैदानात उतरतात आणि तिचा नवरा इसिडोर एके काळी त्यातल्या एकीचा गोलकीपर होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती त्याचा सामना बघायला गेली, अर्धा वेळ शेजारणीशी सुकटीच्या भावावर बोलत बसली आणि नवऱ्यानं गोल खाल्ला तेव्हा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवून मोकळी झाली. इसिडोर ते अजून विसरलेला नाही. तरीही डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टेनहाऊन नावाच्या छोट्या गावातल्या फुटबॉल क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास आज कुणाच्या बोटांत असेल, तर तो रीटाच्या. त्या क्लबची चार हजारांवर पानं तिनं एका वर्षात टाईप केली, आणि तीही भाषेचा गंध नसताना.

तिचं काम ऐकलं की लोकांना आधी हसू येतं. अंधेरीला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर तिची कंपनी. परदेशातल्या जुन्या, हातानं लिहिलेल्या वह्यांचे फोटो स्क्रीनच्या डाव्या बाजूला येतात, उजवीकडे रिकामे चौकोन असतात, आणि डावीकडे दिसेल ते उजवीकडे टाईप करायचं. अर्थ कळायची गरज नाही; कळला तर उलट घोटाळाच, कारण मग माणूस स्वतःच्या मनानं दुरुस्त्या करायला लागतो. ‘दिसेल ते मारा’ हा तिथला पहिला नियम. सव्वीस वर्षांत रीटानं स्वीडनमधल्या बारशांच्या नोंदी मारल्या, हॉलंडच्या जहाजांच्या याद्या मारल्या, कुठल्याशा वेड्यांच्या इस्पितळाचं रजिस्टर मारलं. जगातले इतके मेलेले लोक तिच्या बोटांखालून गेलेत की चर्चमधल्या फादरच्याही गेले नसतील.

दुसरा नियम जास्त कडक. प्रत्येक पान दोन ऑपरेटरांना दिलं जातं. दोघं खोलीच्या दोन टोकांना बसतात आणि चालू पानाबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. मग कॉम्प्युटर दोघांचं ताडून बघतो. जुळलं तर ठीक, नाहीतर ती जागा लाल होते. लाल जागेचा निकाल सुपरवायझर निलेश लावतो आणि ज्याचं चुकलं त्याच्या नावावर चूक चढते. दहा हजार अक्षरांत पाच चुका माफ. त्याच्या वर गेलं की निलेशचा चेहरा आंबट होतो.

स्टेनहाऊनचं काम आलं तेव्हा खोलीत अकरा ऑपरेटर उरले होते. एके काळी सत्तर होते. चांगलं वळणदार अक्षर आता यंत्रच वाचतं. माणसांच्या वाट्याला फक्त यंत्रानं हात टेकलेली अक्षरं येतात. आणि तेवढ्यासाठीही अकरा जणांची गरज नाही, असं वरच्यांनी ठरवलं होतं. हे काम संपलं की ज्यांच्या चुका सगळ्यांत कमी, असे चौघे ठेवायचे आणि बाकीच्यांना नमस्कार. दर शनिवारी यादी लागायची. रीटा त्यात तिसरी होती. वय सत्तावन्न, मुलगी टिना नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, इसिडोरची होडी कधीच विकलेली. चौघांत राहायचं, एवढं एकच गणित तिच्या डोक्यात होतं. गोराईहून सकाळी फेरीनं खाडी ओलांडताना आणि संध्याकाळी परत येतानाही तेच.

तिच्याबरोबर दुसऱ्या टोकाला तीच पानं मारायला होती अक्षता. मालवणकडची, राहायला घाटकोपरला, वय सव्वीस. पोरगी चलाख आणि चौकस. फोन कामाच्या खोलीत आणायला बंदी, म्हणून ती संपलेल्या पानांतले शब्द डोक्यात ठेवायची आणि कँटीनमध्ये डबा उघडता उघडता फोनवर त्यांचे अर्थ शोधायची. अशी ती रीटाला रोज जेवताना क्लबचा इतिहास ऐकवायची.

एकोणीसशे सव्वीस साली मासे डब्यात भरायच्या कारखान्यातल्या कामगारांनी आणि चार कोळ्यांनी मिळून क्लब काढला. पहिलं मैदान मेंढ्यांच्या कुरणात. सामन्याआधी मेंढ्या हाकलायच्या आणि लेंड्या कॅप्टननं झाडायच्या, असा ठरावच होता. लढाईत जर्मन सैन्यानं मैदानात ट्रक उभे केले, तर हे गडी ओहोटीच्या वेळी समुद्राच्या पुळणीवर खेळले आणि एकदा भरती लवकर आल्यानं दोन-दोन बरोबरीत सामना सोडून पळाले. पांढरा रंग टाकून त्यांनी गर्द निळ्या जर्स्या घेतल्या. क्लबच्या वेबसाईटवर म्हणे लिहिलंय की निळा रंग हा समुद्राला केलेला मानाचा मुजरा. पुढे अठ्ठ्याहत्तर साली त्या देशात खेळाडूंना पगार द्यायला परवानगी मिळाली आणि क्लब धंदेवाईक झाला. दोन वर्षं सगळ्यांत वरच्या वर्गात खेळून धाडकन खाली आला, पुढे एकदा बुडता बुडता वाचला, आणि आता दुसऱ्या वर्गात बऱ्यापैकी टिकून आहे. गाव केवढं, तर नऊ हजारांचं. आपल्याकडे एवढी माणसं एका वॉर्डातल्या दोन गल्ल्यांत राहतात, असं रीटा म्हणाली.

एकतीस ते बासष्ट सालापर्यंतच्या सभांचे वृत्तांत एकाच हातचे होते, आणि यंत्रानं हात टेकले होते ते याच अक्षरापुढे. पेन्सिलीनं लिहिलेलं, बारीक, पुढे पळणारं, शब्द अर्ध्यात तोडलेलं; नुसते कोंबडीचे पाय. पहिला महिनाभर रीटानं लिहिणाऱ्याला आपल्या गोराईच्या बोलीत मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या महिन्यात तिला ते अक्षर सख्ख्या बहिणीचं असावं तसं वाचता यायला लागलं. घाई कुठे होती, कंटाळा कुठे आला, हसू कुठे आवरलं, सगळं कळायचं. फक्त अर्थ कळत नव्हता. प्रत्येक वृत्तांताखाली सेक्रेटरीची सही होती, योर्गन बाक. सहीचा हात मात्र वेगळाच, थोराड आणि थरथरता, पेनानं केलेला. सभेचा सेक्रेटरी सांगतो आणि कुणीतरी लिहून घेतं, त्यात नवल नव्हतं.

नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. प्रत्येक वृत्तांताच्या शेवटच्या ओळीत तेच दोन-तीन शब्द फिरून फिरून यायचे. अक्षताला विचारलं तर ती फोनमध्ये बघून म्हणाली की तो वारा आहे. पश्चिमेचा वारा, चांगला. वारा नाही, दमट. वारा जोराचा, जपून. अक्षताच्या मते त्यात विशेष काही नव्हतं, फुटबॉलला वारा लागतोच. पण रीटा बोंबलाचं कालवण चाखता चाखता थांबली. सामने रविवारी व्हायचे आणि वृत्तांतांवर तारीख असायची सोमवारची. रविवारचा सामना होऊन गेल्यावर सोमवारच्या वाऱ्याशी फुटबॉलवाल्यांना काय घेणंदेणं?

सकाळी उठून आधी वाऱ्याकडे कोण बघतं, हे गोराईच्या बाईला शिकवायला नको. तिची सासू बोंबील वाळत घालायच्या दिवसांत तोंड धुवायच्या आधी दारात उभी राहायची, गाल वाऱ्याला द्यायची आणि मग ठरवायची, आज काठ्यांवर माळा चढवायच्या की नाही. वारा बघते ती वाळवणारी बाई. हे लिहिणारी बाईच आहे, आणि तिला सोमवारी काहीतरी वाळत घालायचंय, असं रीटाच्या मनानं त्याच घासाला घेतलं. अक्षताला तिनं सांगितलं नाही. वेड्यात काढलं असतं.

पंधरा दिवसांनी नव्या खोक्यातली पानं आली. धुण्याच्या वह्या. इतक्या जर्स्या, इतके मोजे, दोन कोपरांवर फाटलेल्या, एकीवर रक्त. तेच अक्षर. शेवटच्या ओळीत तोच वारा. आणि दर महिन्याच्या अखेरीला खाली नाव, ह्या वेळी त्याच हातचं: गेर्डा थॉमसन. क्लबचे कपडे धुणारी बाई. एकतीस वर्षं तिनं तो क्लब लिहून काढला होता आणि वृत्तांताच्या एका पानाखालीही तिचं नाव नव्हतं. रीटानं हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. तिला रडू आलं, आणि कुणी विचारलं असतं तर ते का आलं, हे तिला सांगता आलं नसतं.

आता गोम अशी की प्रत्येक पानासाठी ‘लिहिणाऱ्याचं नाव’ असा एक चौकोन भरावा लागायचा. खाली सही ज्याची, त्याचं नाव त्यात घालायचं, असा रिवाज. वृत्तांतांची उरलेली पानं पुन्हा सुरू झाली तेव्हा रीटानं त्या चौकोनात योर्गन बाकऐवजी गेर्डा थॉमसन मारलं. दुसऱ्या टोकाला अक्षतानं नियमाप्रमाणे बाक मारलं. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस पानं लाल झाली आणि सगळ्या चुका रीटाच्या नावावर चढल्या.

निलेश धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर कुणी होतंच. रीटानं त्याला धुण्याची वही आणि वृत्तांत शेजारी ठेवून दाखवायचा प्रयत्न केला. त्यानं पाहिलं नाही. तो म्हणाला की गिऱ्हाईकाला ऑपरेटरनं काही कळवायचं नसतं, करारातच तसं आहे. आणि शंकेचा कागद भरला तर प्रत्येक शंका चूक म्हणून धरली जाते.

“आंटी, तुम्ही तिसऱ्या नंबरवर आहात. असंच केलंत तर वाट लागेल. कशाला उगाच?”

“मला जे दिसलं, ते मी मारलं,” रीटा म्हणाली. “नियम तोच आहे ना?”

घरी इसिडोरनंही तेच ऐकवलं, जरा वेगळ्या शब्दांत. बाई डेन्मार्कची, मरूनही कैक वर्षं झाली असतील, ना आपल्या नात्यातली ना गावातली. तिच्यापायी हातचं काम घालवायचं? तो ओरडला नाही, घाबरला होता. रीटालाही भीती वाटत होती. चहा निवून गेला तरी ती ओट्याजवळ उभीच होती. मग तिनं नवऱ्याला एक गोष्ट सांगितली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी ती त्यानं ऐकलेली नव्हती.

ती दहा-अकरा वर्षांची असताना आळीतल्या अर्ध्या घरांतले पुरुष आखातात कामाला होते आणि बायकांना लिहिता येत नव्हतं. शाळेतून आली की रीटाला कुणी ना कुणी हाक मारायचंच. बायका चूल फुंकता फुंकता सांगायच्या, ती पायरीवर बसून लिहायची, आणि शेवटी आपल्या मनानं एखादी ओळ घालायची. विहिरीला पाणी भरपूर आहे, तुमच्या लावलेल्या आंब्याला मोहर आलाय. शेजारची रोझी मावशी त्यातलीच. तिचा नवरा तीन वर्षांनी बहारिनहून आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की बायकोच्या पत्रांनीच आपण तिथं तग धरला, काय सुंदर लिहायची. मावशीनं नुसतं गप्प राहायचं होतं. एवढं कौतुक कुठली बाई सोडेल? पण ती अंगणात आली, खेळातून रीटाचा हात धरून तिला आत नेलं आणि म्हणाली, सांगायची मी, लिहायची ही.

“त्या दिवशी मना पहिल्यांदा वाटलं की मी कुणीतरी आहे,” रीटा म्हणाली. “त्या गेर्डाचा हात धरून आत न्यायला कोणच आलं नाही रे.”

तुला पटेल ते कर, इसिडोर म्हणाला आणि तिचा निवलेला चहा गरम करून आणला. चहा करण्यात हा माणूस गोलकीपिंगइतकाच वाकबगार, पण तिनं तो सगळा प्यायला.

तीन आठवडे ती गेर्डा थॉमसन मारत राहिली. पहिल्या शनिवारी यादीत सहावी आली, दुसऱ्या शनिवारी आठवी, तिसऱ्या शनिवारी नववी. खोलीतले लोक तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघायला लागले. अक्षता कँटीनमध्ये रडवेली होऊन म्हणाली की आंटी, मीही गेर्डाच मारते, मग जुळेल आणि लाल होणार नाही. रीटानं तिला झापलं. दोघींनी आधी ठरवून एकच मारलं तर ती लबाडी. तुला पानावर जे दिसतं, तेच तू मारायचं. अक्षताला धुण्याच्या वह्या मिळालेल्याच नव्हत्या, त्या दुसऱ्याच जोडीदाराकडे गेल्या होत्या; तिला सहीच दिसणार. तिचं चुकत नव्हतं आणि आपलंही नाही, हेच तर दुखणं होतं.

चौथ्या सोमवारी रीटा निलेशकडे गेली आणि शांतपणे म्हणाली, “माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नुसता वारा बघ. दोन्ही वह्यांत एकाच तारखेचा वारा.” निलेशला काय वाटलं कोण जाणे. त्यानं त्या दिवशी दुपारी दोन्ही वह्या उघडल्या, अक्षताकडून वाऱ्याचे शब्द लिहून घेतले आणि तारखा लावत बसला. चाळीस तारखा तपासल्या. चाळीसच्या चाळीस जुळल्या. दमट तर दोन्हीकडे दमट, पश्चिमेचा तर दोन्हीकडे पश्चिमेचा. संध्याकाळी त्यानं दोन पानांचे फोटो जोडून क्लबला स्वतःच्या नावानं शंका पाठवली. रीटाच्या नावानं पाठवली असती तर आणखी एक चूक चढली असती. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

उत्तर अकरा दिवसांनी आलं. क्लबचं जुनं दप्तर सांभाळणारे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की आधी आपल्याला हे पटलंच नाही, योर्गन बाक हा क्लबचा थोर सेक्रेटरी, मैदानातल्या स्टँडला त्याचं नाव आहे. पण गेर्डाची मुलगी कर्स्टन गावातच राहते, म्हणून ते सायकल काढून तिच्याकडे गेले. ती म्हणाली, त्यात काय, आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाक हा खाटीक. दुकानात उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. दर सोमवारी धुतलेल्या जर्स्यांची चौकशी करायला यायचा, धुण्याच्या खोलीत पिंपावर बसून सांगायचा, आणि आई ओले हात पुसून लिहायची. क्लबनं कधी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. आणि निळ्या रंगाचं म्हणाल, तर समुद्राचा काही संबंध नाही. पांढऱ्या जर्स्यांवरचा चिखल निघेना, म्हणून आईनं एका सोमवारी बाकला न विचारताच ठराव लिहून टाकला आणि त्यानं मुकाट सही केली. आई मी सोळा वर्षांची असताना गेली, असंही तिनं सांगितलं होतं. शताब्दीच्या पुस्तकात गेर्डा थॉमसनचं नाव बाकच्या बरोबरीनं जाणार होतं.

खोलीत टाळ्या वाजल्या. मग निलेशनं निकाल फिरवायला घेतला आणि रीटाच्या लक्षात आलं की तिचं बरोबर ठरलं तर त्या शेकडो चुका आता अक्षताच्या नावावर चढतील. तिनं त्याचा हात अडवला. दोघींनीही दिसलं तेच मारलंय, म्हणाली. करायचं तर तो चौकोनच दोघींच्या हिशेबातून काढून टाक. निलेशनं वरच्यांशी आठवडाभर डोकं फोडून ते करून घेतलं. शेवटच्या यादीत चौघांत रीटा होती आणि अक्षताही. बाकीचे सात जण गेले, त्यातले तिघं रीटाच्या जुन्या ओळखीचे. त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

महिन्याभरानं कर्स्टनबाईचं पत्र आलं, मास्तरांनी इंग्रजीत उतरवलेलं. वय एकोणऐंशी. तिच्याकडे आईची एक वही होती, क्लबची नव्हे, घरची, दोनशेबारा पानांची. गेली साठ वर्षं ती कपाटात होती, कारण आईचं अक्षर घरात कुणालाच लागत नव्हतं. विद्यापीठातल्या एका माणसानं प्रयत्न करून सोडून दिला होता. तिनं लिहिलं होतं की माझ्या आईचं अक्षर वाचणारी एक बाई मुंबईत आहे असं कळलं. तिला माझी भाषा येत नाही, हे मला सांगितलंय. तिनं फक्त अक्षरं द्यावीत, वाचीन मी.

वही आली. ह्या वेळीही दुसऱ्या टोकाला अक्षताच होती, आणि पहिले दोन दिवस एकही जागा लाल झाली नाही. तिसऱ्या दिवशी रीटा सत्तेचाळीस सालच्या मार्चमध्ये पोहोचली. पानावर ना मोजे होते ना जर्स्या, सामनाही नव्हता. त्या सबंध अक्षरात तिनं कधी न पाहिलेलं एक नाव वरच मोठ्या, संथ हातानं लिहिलं होतं, जसं एरवी त्या बाईला कधी जमलं नव्हतं. कर्स्टन. त्याच्याखाली तीन पानं भरून त्याच नावाबद्दल काहीतरी होतं, जागोजागी पेन्सिल दाबलेली, एक ओळ खोडून पुन्हा तशीच लिहिलेली. काय लिहिलंय ते रीटाला कळत नव्हतं. कुणाबद्दल आहे, ते कळत होतं. डेन्मार्कमधल्या त्या म्हातारीच्या आधी तिला कळलं होतं.

तिनं तिन्ही पानं सावकाश मारली, दोनदा तपासली आणि अक्षताचं होईपर्यंत वाट बघितली. मग उठून निलेशच्या टेबलापाशी गेली. निलेश म्हणाला की पानं गठ्ठ्यानंच जातात, गठ्ठा शुक्रवारी.

“ही तीन आजच पाठव,” रीटा म्हणाली. “ती बाई एकोणऐंशी वर्षं थांबलीय.”

निलेशनं घड्याळाकडे पाहिलं. स्टेनहाऊनला सकाळचे दहा वाजले होते. त्यानं पानं पाठवली.